खिंडीतली हाक

फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं आणि तिथं जायला खिंडीतून एकच पायवाट. खिंडीत बारा महिने धुकं. भर दुपारी स्वतःचा हात दिसायचा नाही.

धुकं नुसतं असतं तर ठीक. ते हाक मारायचं. आईच्या आवाजात, बहिणीच्या आवाजात, नाव घेऊन. हाकेकडं वळलेला विद्यार्थी दरीत जायचा. पडल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

त्या विद्यापीठाचा एक पदवीधर होता. बरोबरचे पदवी घेऊन राजदरबारी गेले, पालख्यांत बसले. हा खिंडीच्या तोंडाशी झोपडी बांधून राहिला. पावलांची चाहूल लागली की ओरडायचा, "इकडं या रे! माझ्या आवाजावर या!" आवाज म्हणजे फुटकं मडकं. चाळीस वर्षं ओरडला. कुणी नेमला नव्हता, कुणी विचारलंही नव्हतं. खालच्या गावात नव्या पोरांना एवढंच शिकवायचे: गोड हाक आली तर थांबा, खरखरीत आली तर तिकडं चाला.

पुढं एक नवे कुलगुरू आले. त्यांनी या पदवीधराचा सत्कार ठरवला. दिवस कुठला धरला? नवी पोरं चढायची तोच. त्या दिवशी गर्दी बरी असते म्हणे.

"आज नको," पदवीधर म्हणाला. "खिंडीत कोण उभं राहणार?"

"बाबा, तुमच्यासाठी एवढा मांडव घातलाय. एका दुपारनं काय होतंय?"

"मग तुमच्यातला एक जण पाठवा."

त्याला न्यायला आलेले मोठमोठे पदवीधर एकमेकांकडं बघायला लागले. एकाची पाठ दुखत होती. एकाला भाषण होतं. तिसरा म्हणाला, "धुक्यानं माझा घसा बसतो हो."

त्यांनी म्हाताऱ्याला उचलूनच वर आणला. खुर्चीत बसवला, शाल घातली. मग भाषणं. जो तो उठून स्वतःचंच सांगत होता. म्हातारा दोनदा उठायला गेला. "सत्कारमूर्तीनं मधेच उठायचं नसतं," म्हणून दोन्ही वेळा खांदा दाबून बसवला.

तेवढ्यात खिंडीतून हाक आली.

"इकडं या रे! माझ्या आवाजावर या!"

तोच फुटका आवाज. कुलगुरू खूश झाले. "ऐका मंडळी! बाबांची हाक अजून खिंडीत घुमते आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा मात्र पांढराफटक पडला.

"मी इथं बसलोय," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या. चाळीस वर्षं धुक्यानं त्याचा आवाज ऐकला होता. आज पहिल्यांदा जागा रिकामी सापडली होती.

म्हाताऱ्यानं शाल टाकली आणि पळत सुटला. कुणीतरी मागनं ओरडलं, "हाक मारा ना बाबा!"

"कशी मारू? आता दोन्ही हाका सारख्याच. एकमेकांचे हात धरा आणि चला खाली. पोरांना हातानंच शोधायचं."

तेव्हा कुठं सगळे उठले. पाठ दुखणारा उठला, घसा बसणारा उठला. विद्यापीठाच्या दारापासून खिंडीपर्यंत हाताला हात लागला. सगळ्यात पुढं म्हातारा, धुक्यात चाचपडत. त्याच्या हाताला एक मनगट लागलं. मग दुसरं. गार पडलेली पोरं एकेक करून वर आली.

खालून दहा निघाली होती. वर नऊ पोचली. दहाव्याचं नाव विद्यापीठात कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव लिहून घ्यायच्या आधीच तो गेला.

कुलगुरूंनी पडलेली शाल उचलली. पण ती म्हाताऱ्याच्या अंगावर घालायचा धीर त्यांना झाला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खिंडीत जाऊन, हाक न मारता हात पुढं करून उभे राहिले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, आज तुम्ही झोपा." तिथून पुढं त्या विद्यापीठात सत्कार असाच होतो.

तात्पर्य काय ते ऐका: दुसऱ्यांसाठी जन्मभर राबलेल्या माणसाचा मान करायचा असेल, तर आधी त्याच्या जागी उभे राहा. ते जमत नसेल तर भाषणं करू नका.