जगबुडीच्या दिवशी बांधावर

खाडीला लागून एक गाव होतं. गाव ख्रिस्ती, माणसं बागायतदार. केळी आणि पानवेली यांवरच त्यांचं सगळं चाले. खाडीचं खारं पाणी बागांत शिरू नये म्हणून काठाने मातीचा लांबलचक बांध घातलेला होता. दर वर्षी मोठ्या उधाणाआधी घरटी एकाने त्यावर माती घालायची, असा गावाचा रिवाज होता.

त्या गावात जसिंता नावाची मुलगी नुकतीच लग्न होऊन आली. ती कमी बोलायची. नव्या सुनेने कमीच बोलावं असं सगळ्यांना वाटतं, त्यामुळे ती किती बघते हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गावात तेव्हा पावलूकाकांची चलती होती. दूरच्या मुलखात भूकंप झाला, टोळधाड आली, साथ पसरली, की काका पवित्र शास्त्र उघडून नेमकं त्याचंच भाकीत काढून दाखवत. ओटीवर माणसं जमत, चहा फिरे. काकांचं भाकीत कधी चुकत नसे. चुके ती फक्त तारीख.

या खेपेला मात्र काकांनी ठणकावून सांगितलं, "येत्या पुनवेला भरदुपारी समुद्र गर्जेल आणि सगळं आटपेल."

तो दिवस माणसाने मोजायचा नसतो, असं फादर देवळात सांगून थकले. पण ऐकतं कोण? गावाला नुसता ऊत आला होता. सणासाठी राखलेल्या कोंबड्या कापल्या गेल्या. वर्षाची सुकी मासळी आठवड्यात फस्त झाली. अबोला धरलेल्या जावा गळ्यात पडल्या. पापांची कबुली द्यायला रांग लागली, आणि आत कोण किती वेळ होतं याची चर्चा रांगेतच रंगू लागली.

खरं म्हणजे जसिंतालाही मजा येत होती. फक्त एक गोष्ट तिला खटकली. बांधाकडे कोणी फिरकत नव्हतं. आणि गावाची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर बांधाच्या आतच होती. तिच्यात खारं पाणी शिरलं, तर प्यायचं काय?

"आई, बांधाला माती कधी घालायची?" तिने सासूबाईंना विचारलं.

"अगं, जगच राहणार नाही. यंदा कशाला? पुढच्या वर्षी बघू," सासूबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळताच त्यांनी जीभ चावली.

पुनवेला सगळा गाव टेकडीवरच्या क्रूसापाशी जमला. ऊन डोक्यावर आलं आणि खाडी फुगू लागली. लाटा बांधावर धडका देऊ लागल्या. बघता बघता बांधाचा एक तुकडा खचला, खांड पडली आणि फेसाळ पाणी केळींत घुसलं.

काका ताडकन उभे राहिले. चेहरा कसा उजळला होता. "बघा, म्हटलं नव्हतं?"

बायका रडू लागल्या. पुरुषांनी गुडघे टेकले. जसिंता मात्र पाण्याकडे टक लावून बघत होती. पाणी चहूकडून येत नव्हतं. फक्त एका खांडीतून येत होतं, आणि तिथून विहिरीकडे सरकत होतं. चार थोरांसमोर कालच्या सुनेने तोंड कसं उघडायचं? पण पाणी काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. ती उठली.

"काका, समुद्र दर पुनवेला गर्जतो. आपण माती घातली नाही म्हणून तो आत आला."

"सूनबाई, एवढी खूण डोळ्यांसमोर दिसतेय, आणि तरी शंका?"

"खूण खरी असेल तर मी माती घातल्याने काही बिघडत नाही. खरी नसेल तर उद्या प्यायचं काय?"

"शेवटच्या घटकेला कुठे होतीस असं देवाने विचारलं म्हणजे?"

"बांधावर होते, असं सांगेन," जसिंता म्हणाली आणि उतारावरून धावत सुटली.

"थांब गं, एकटी काय काय उचलशील?" सासूबाई पदर खोचून तिच्या मागे निघाल्या. तेवढ्यात काकांच्या बायकोने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "अहो, उठा. खांड आपल्याच बागेसमोर पडलीय."

मग टेकडी रिकामी व्हायला वेळ लागला नाही. कोणी बांबू ठोकले, कोणी पेंढा आणला, कोणी आडवी झालेली केळच उचलून खांडीत टाकली. मातीच्या टोपल्या हातोहात पुढे सरकू लागल्या. कंबरभर पाण्यात माणसं ओरडत होती, घसरत होती, चक्क हसतही होती. पाणी विहिरीच्या कठड्याला टेकणार, तोच खांड बुजली. थोड्या वेळाने ओहोटी लागली. जसिंताने विहिरीतून कळशी ओढली, ओंजळ तोंडाला लावली आणि मान डोलावली. पाणी गोड होतं.

काकांची केळी मात्र खारावली ती खारावलीच. डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेले काका धापा टाकत म्हणाले, "माझ्या मोजणीत जरा चूक झाली. येत्या अवसेला—"

सासूबाईंनी त्यांच्या हातात भरलेली टोपली दिली. "अवसेलाही उधाण असतं, भावजी. ही तेवढी पुढे सरकवा."

तात्पर्य एवढंच: संकटाला भाकिताचं नाव दिलं म्हणून ते टळत नाही, आणि आपण केलेली हयगय देवावर ढकलता येत नाही.