घळीतलं आसन

“...म्हणजे अगदी बुडापासूनच जागी होते ना ती, माई?”

त्र्यंबक उभ्यानंच विचारत होता. कालपासून त्याला बसवतच नव्हतं.

माई अंगणात आमसुलं पसरत होती. तिनं मान वर केली नाही.

“कोण जागी होते?”

“कुंडलिनी! आग होते, माई. झिणझिण्या येतात. वर वर चढतेय.”

गावाला त्यानं आधीच कळवून टाकलं होतं. देवळापुढे मांडव पडला होता. ताशेवाले विड्या ओढत बसले होते. ‘स्वामी अचलानंद’ अशी पाटीसुद्धा रंगवून तयार. माईनं गुरू म्हणून मंत्र दिला, की झालं. आणि माई तर कुणाच्या ताशाला भीक घालणारी बाई नव्हे.

“बसला होतास कुठं?”

“कड्याखालच्या बुडालेल्या घळीत. बुडी मारून आत जायचं, अंधारात, गळ्याइतक्या पाण्यात. हललो नाही, माई! देवानं आसनसुद्धा दिलं. खडकावर नारिंगी, मऊ गादी...”

माईचा हात थांबला.

“नुसत्या लंगोटीवर?”

“साधक दुसरं काय नेसणार?”

...

माई उठली. घरातून चिमूटभर हळद घेतली, पदर खोचला आणि थेट किनाऱ्यावर उतरली. एका खडकाच्या सावलीत पाणी साचलं होतं. आत नारिंगी गोळा.

“तुझी गादी हीच ना?”

“हीच! पण ती चांगली ऐसपैस होती.”

माईनं गोळ्याशेजारी हळद सोडली. पिवळं पाणी त्याच्या अंगभरच्या बारीक भोकांतून आत ओढलं गेलं. जरा वेळानं वरच्या मोठ्या भोकातून धार सुटली.

त्र्यंबक दोन पावलं मागं सरला.

“हे... जिवंत आहे?”

“स्पंज आहे. तोंड नाही, पोट नाही, डोळे नाहीत. समुद्र अंगातून गाळतो आणि सापडेल ते खातो. एकदा चिकटला, की जागा सोडत नाही. अंगात काचेसारखी कुसळं असतात. कुणी बूड टेकलं, की घुसतात. मग आग होते, खाज सुटते.”

त्र्यंबकचा हात मागं गेला. तो त्यानं घाईनं पुढं आणला.

“इतकी वर्षं अंधारात बसलाय,” माई म्हणाली. “त्यानं मांडव घातला का रे?”

...

वर ताशा कडाडला. कुणाला तरी दम निघत नव्हता.

“लोक हसतील, माई. तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“हसू देत. त्यांना तरी कुठं रोज हसायला मिळतं?”

“मंत्र तरी द्या! रिकाम्या हातानं कसा जाऊ?”

“मी कोण देणारी? ज्याच्या अंगावर बसून आलास, त्याच्याकडे माग.”

“त्याला तोंडच नाही, माई! तो कसला मंत्र देणार?”

माईनं हळदीची बोटं पाण्यात धुतली.

“दिलाय की. पाठ होईपर्यंत खाजव.”