शेवटची चढाई

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिस्कवर उतरवून देण्याचे काम करीत असत. तीस वर्षे त्यांनी पंचक्रोशीतल्या लग्नांचे चित्रण केले होते. सारे त्यांना अण्णा म्हणत. हेमलता ही त्यांची शिष्या. फीत कशी पुसायची, व्हीसीआरची वायर संगणकाला कशी जोडायची, हे सारे ती दोन वर्षांत शिकली होती. तरीही प्रत्येक बटण दाबण्याआधी ती अण्णांच्या चेहऱ्याकडे पाही.

एके दिवशी पारिसशेठ नावाचे भुसार मालाचे व्यापारी रुमालात गुंडाळलेली कॅसेट घेऊन आले.

"यात आमच्या मंडळींची कबड्डी आहे," ते म्हणाले. "लग्नाआधीची. जिल्ह्याचा अंतिम सामना, आणि शेवटची चढाई हिची. आता मुलगी शाळेच्या संघात निवडली गेलीय. आईला खेळताना तिनं कधी बघितलेलं नाही."

अण्णांनी कॅसेट उजेडात धरली. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. "पुसून घेऊ. पण एकदा चालली तर चालली. दुसऱ्यांदा चालेल, याची खात्री देता येत नाही."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. तुम्हीच हात लावा."

अण्णांनी कॅसेट हेमलताच्या हाती दिली, पारिसशेठांना उठवले आणि शेजारच्या शिंप्याच्या बाकावर जाऊन बसले. जाताना दुकानाचे दार ओढून घेतले.

हेमलताने बंद दाराकडे पाहिले. असे त्यांनी पूर्वी कधीच केले नव्हते. तिने फीत हलक्या हाताने पुसली, कॅसेट व्हीसीआरमध्ये सारली आणि संगणकावर चित्र उतरू लागले. मैदान, चुन्याच्या रेषा, पोरींचा गलका. अर्धा तास सुरळीत गेला. मग व्हीसीआरच्या घरघरीत एक बारीक, चिरका सूर मिसळला. पडद्यावरचे चित्र मात्र अजून स्वच्छ होते.

"अण्णा, जरा आत येता का?"

"चहा घेतोय," बाहेरून उत्तर आले. "तूच बघ."

तिला संताप आला. पण संतापायलाही वेळ नव्हता. तिने यंत्र थांबवले, वरचे झाकण काढले. फितीची कड आतल्या चाकाभोवती गुंडाळू लागली होती. तिने ती बोटांनी सोडवली, चुरगळलेला दोन बोटे लांबीचा तुकडा कापला, टोके जोडली आणि पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळाने पडद्यावर गुडघ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी रेषा ओलांडून गेली. तिघींनी तिला धरले. ती त्या तिघींसकट सरपटत मागे आली आणि तिची बोटे मधल्या रेषेला टेकली. हेमलताच्या लक्षात आले, की आपण उभ्या आहोत.

दुसऱ्या दिवशी पारिसशेठ पत्नीला आणि मुलीला घेऊन आले. ती चढाई मुलीने पाच वेळा पाहिली. नंतर आईचा हात हातात घेऊन तिने बोटे उलटसुलट निरखली. पारिसशेठ अण्णांना हात जोडू लागले, तेव्हा अण्णा म्हणाले, "मी बाहेर होतो, हे तुम्ही पाहिलंत. हे काम हिचं आहे."

मंडळी गेल्यावर हेमलताने विचारले, "फीत तुटली असती तर, अण्णा?"

"तर मी त्या माऊलीच्या घरी जाऊन मान खाली घातली असती. ते मी बाकावर बसतानाच ठरवलं होतं. तू यंत्र का थांबवलंस?"

"आवाज बदलला म्हणून."

"तो बारीक आवाज गेल्या वर्षापासून मला ऐकू येत नाही. मी शेजारी असतो, तर चित्र स्वच्छ आहे असं बघून स्वस्थ बसलो असतो. आणि मी स्वस्थ आहे असं बघून, ऐकू येऊनही तू स्वस्थ बसली असतीस. तुझे कान माझ्याहून चांगले झालेत, बाळ. मी उठल्याशिवाय ते तुला कळणार नव्हतं." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता, पण त्यात खेद नव्हता. आपल्या हातचे पीक उभे राहिलेले पाहणाऱ्याचा तो आवाज होता.

सर्वांत खराब झालेल्या दोन कॅसेटी अण्णांनी स्वतःसाठी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या हेमलताने उचलल्या आणि आपल्या टेबलावर नेल्या. अण्णा चष्मा पुशीत राहिले.

शिकवणाऱ्याने शेजारून केव्हा उठावे, हे ज्याला कळले, त्याचे शिकवणे पूर्ण झाले.