तीन बंदरांनी न घेतलेला दोर

फार जुन्या काळी एका आखातावर तीन राजांची तीन बंदरं होती. तिघांची भाषा वेगळी, पागोटं वेगळं, आणि एकमेकांशी बोलायची वेळ आलीच तर ती भांडण्यापुरती. मधलं पाणी मात्र एकच. कुठल्या राजाचं पाणी कुठे संपतं हे माशांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते खुशाल सगळीकडे फिरत.

पहिल्या बंदरात जोमा नावाचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, राहायचा. होडी हाकण्यात तो चांगला होताच, पण तो खरा नावाजलेला होता तो कानासाठी. घोळ मासा पाण्याखाली गुरगुरतो. जोमा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा, दांड्याला कान लावून डोळे मिटायचा आणि थोड्या वेळाने म्हणायचा, इथे जाळं टाका. त्याने दाखवलेल्या जागी टाकलेलं जाळं कधी हलकं वर आलं नाही.

पुढे पुढे मात्र तो आवाज विरळ होत गेला. अर्धा दिवस दांड्याला कान लावून बसावं, तेव्हा एखादा घोळ लांबवर गुरगुरायचा. प्रत्येक बंदराचं म्हणणं एकच, बाकीच्या दोघांनी मासा संपवला. चुली थंड पडायला लागल्या तेव्हा कुठे तिन्हीकडचे पंच एकत्र बसले, आणि तीन दिवस त्यांनी एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या.

चौथ्या दिवशी जोमा उभा राहिला. दुभाष्याला त्याने सावकाश सांगायला सांगितलं.

"चूक माझ्या कानाची आहे. घोळ ओरडतो तो जोडीदाराला बोलवायला. माद्यांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, भरलेली असते तेव्हा त्याचा आवाज सगळ्यात मोठा, आणि नेमकं तेव्हाच मी जाळं टाकायला सांगितलं. इतकी वर्षं आपण लग्नाच्या मांडवात शिरून वऱ्हाड मारत आलो."

मग कायदा ठरला. माशांच्या गाण्याचा एक महिना आखातात जाळं टाकायचं नाही. पण एवढ्या मोठ्या पाण्यावर पहारा कोण देणार, असं दुसऱ्या बंदराच्या पंचाने विचारलं. जोमा म्हणाला, समुद्रावर पहारा बसत नाही हे खरंच आहे, पण होडीला कुठेतरी किनाऱ्याला यावंच लागतं. चोरीचा मासा घेऊन आलेल्या होडीचा दोर कुठल्याच बंदराने घ्यायचा नाही. मासा पाण्यात टाकला तरच ती किनाऱ्याला येईल, आणि मग वर्षभर वाळूत पालथी पडेल.

तिसऱ्या वर्षी, त्याच महिन्यात, भर दुपारी एक होडी काठापर्यंत बुडालेली अशी धक्क्याकडे आली. आत घोळच घोळ, सोन्यासारखे चकाकणारे. होडी जोमाच्या मुलाची होती.

मुलाने दोर फेकला आणि सांगितलं, मासा आखाताबाहेरचा आहे, दोन दिवसांच्या वाटेवरचा. बंदराच्या राखणदाराने दोर हातात धरला, पण खुंटाला बांधला नाही. त्याने जोमाकडे पाहिलं. सगळा धक्का जोमाकडे पाहू लागला. जोमाने 'बाहेरचा' म्हटलं असतं तर कुणी पुढे एक अक्षर विचारलं नसतं.

जोमाने एक मासा उचलला आणि त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला. पोट गाबोळीने तटतटलं होतं, आणि गाबोळीचा घोळ आखात सोडून जात नाही.

"आखातातला आहे," तो म्हणाला.

"बाबा, घरात चार तोंडं आहेत," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच," जोमा म्हणाला. त्याने राखणदाराच्या हातातून दोर घेतला आणि पाण्यात सोडून दिला.

मुलाने रागाने शीड फिरवलं आणि दुसऱ्या बंदराची वाट धरली. जोमा मागच्या टेकडीवर चढला. तिथून तिन्ही बंदरं दिसत. बापाला वाटत होतं, कुणीतरी पोराचा दोर घ्यावा. तांडेलाला वाटत होतं, कुणीही घेऊ नये. दोघांनाही घेऊन तो उन्हात बसून राहिला.

दुसऱ्या बंदरापाशी शीड थांबलं, घटकाभराने वळलं. तिसऱ्या बंदराचं तर जोमाच्या बंदराशी पिढ्यान् पिढ्यांचं वैर. तिथे हा मासा हातोहात खपला असता. तिथेही शीड थांबलं, आणि तिथूनही वळलं.

जोमाच्या अंगावर काटा आला. निरोप गेला नव्हता, शिपाई गेला नव्हता. तीन राजांची सैन्यं जे कधी करू शकली नव्हती ते तीन धक्क्यांवरच्या तीन साध्या माणसांनी नुसते हात मागे घेऊन केलं होतं. पोराच्या दुःखाने आणि या नवलाने तो एकदमच रडू लागला.

मुलाने मासा पाण्यात टाकला, होडी वाळूत पालथी घातली आणि वर्षभर दुसऱ्यांची जाळी विणून घर चालवलं. बापाशी तो मोजकंच बोलायचा.

आणखी काही वर्षं गेली. जोमाचे कान पार गेले. एके सकाळी, गाण्याच्या महिन्यात, मुलगा त्याचा हात धरून त्याला होडीत घेऊन गेला. जाळं घेतलं नव्हतं. आखाताच्या मधोमध मुलाने वल्हं पाण्यात सोडलं, दांड्याला कान लावला आणि झटकन मागे घेतला.

जोमाने खुणेने विचारलं, आहे का कुणी? मुलाने नुसतं बापाच्या पायांकडे बोट दाखवलं.

तेव्हा जोमाला कळलं. अनवाणी तळव्यांखाली फळी थरथरत होती. खाली हजारो घोळ एका वेळी गात होते, आणि ठार बहिऱ्या माणसाच्या हाडांपर्यंत ते गाणं चढत होतं. एवढं मोठं गाणं त्याने भरल्या कानांच्या वयातही ऐकलं नव्हतं. तो हळूच आडवा झाला आणि त्याने फळीला गाल लावला. मुलगाही त्याच्या शेजारी आडवा झाला.

तात्पर्य: सगळ्यांचं पाणी राखायचं तर सगळ्या किनाऱ्यांनी एक व्हावं लागतं, आणि आपल्या घरच्या होडीचा दोर सोडायची तयारी असेल तरच तो कायदा खरा.