सगळ्यांना सारखा वेळ

“घासणार आहात की नाही, तेवढं सांगा.”

हेरंबने तंबोरा दस्तगीरचाचांच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, जवळजवळ आपटलाच.

मी दिलरुब्याच्या तारा घ्यायला मिरजेला चाचांच्या वाद्यांच्या दुकानात गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. हा हेरंब लहानपणी याच दुकानात चाचांच्या पायाशी बसून तंबोरा जुळवायला शिकलेला. आता सांगलीत एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतो, आणि सुट्टीच्या दिवशी घरी स्वतःचं गाणं रेकॉर्ड करतो.

“काय झालंय याला?” चाचांनी विचारलं.

“रेकॉर्डिंगमध्ये आवाज तुटतो. मध्येच चर्र होतं, मध्येच गायब. गेल्या वर्षी जवारी तुम्हीच लावलीत. कच्ची राहिली ती.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत हे बोलणं. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाची पंचावन्न वर्षं तंबोऱ्यांपुढे मान घालून गेली, त्याला हा कालचा पोरगा कच्चं काम म्हणतो.

चाचांनी तारा छेडल्या. चारही तारा भरून बोलल्या. दुकानातली बाकीची वाद्यंही हलकेच गुणगुणायला लागली.

“कुठं तुटतंय?”

“असं कानाला नाही कळत. मशीनला कळतं.”

चाचांनी तारांवर हात ठेवला. आवाज थांबला.

तारांखाली शिंगाची एक पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. ती कानशीनं घासून नेमका उतार दिला की तार गुंजते. तीच जवारी.

“बाळा, ही घोडी माझ्या वडिलांनी केली, तुझ्या आईसाठी. घासून घासून आता पातळ झालीय. एकदाच घासता येईल. त्यात चुकलं तर नवी घोडी बसवू, पण आईचा आवाज जाईल.”

हेरंबची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या गाण्याचं दुसरं काहीच घरात उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं. मला वाटलं, आता तंबोरा उचलेल आणि घरी जाईल.

“घासा,” तो म्हणाला.

…

“तुझं मशीन कसलं आहे?” चाचांनी कानस पुसता पुसता विचारलं.

हेरंबची मान ताठ झाली. “साधं नाही. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर जी सिस्टिम असते, ती घरच्या कॉम्प्युटरवर टाकलीय. लोक घरगुती सिस्टिमवर गाणी रेकॉर्ड करतात, हौशी लोक. माझी दोनशे दिवसांत एकदाही बंद पडली नाही.”

“एवढी मोठी कशाला लागते?”

“एकदम पाचशे जण आले तरी ती कुणाला ताटकळत ठेवत नाही. सगळ्यांना सारखा वेळ.”

“घरी कितीजण असतात?”

“मी एकटाच.”

“आणि तू गात असतोस तेव्हा?”

“तेव्हाही तिची कामं चालूच. कुणी हाक मारतंय का बघायचं, साठवलेलं तपासायचं, नोंदी ठेवायच्या.”

“मग तुझं गाणं?”

“त्याचीही पाळी येते की.”



चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. तार सैल करून बाजूला सारली आणि कानस घोडीवर टेकवली. हेरंबने श्वास रोखला. मीही रोखला.

फोन वाजला. चाचांनी कानस उचलली, फोन घेतला आणि कुणाच्या तरी भाचीच्या लग्नाची सविस्तर चौकशी केली.

पुन्हा कानस टेकवली. रस्त्यावरून एकानं दर्ग्याची वाट विचारली. चाचा दारापर्यंत जाऊन हातवारे करून सांगून आले.

पुन्हा टेकवली. चहा आला. त्यांनी तो आम्हा सगळ्यांना आपल्या हातानं दिला, साखर बरोबर आहे का विचारलं, मग एका गिऱ्हाइकाला सतारीच्या नख्या काढून दाखवल्या.

मी चक्रावलो. जवारीचं काम हातात असताना या माणसानं मान वर केलेली मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

चौथ्यांदा कानस घोडीला लागली, आणि चाचा समोरच्या पानवाल्याला हाक मारायला वळले. तेव्हा हेरंब ताडकन उठला. संतापानं त्याचा आवाज चिरकत होता.

“काय चालवलंय हे, चाचा? माझ्या आईचा तंबोरा आहे तो. तो हातात आहे तोवर दुसऱ्या कुणाकडे बघायचं नाही. फोन वाजू दे, दारात कुणी येऊ दे. सगळं बंद ठेवा. सारखा वेळ द्यायला हा काय चव्हाटा आहे?”



…

चाचांनी कानस डब्यात टाकली. मी वाकून पाहिलं. घोडीवर साधा ओरखडाही उठला नव्हता.

त्यांनी तार जागेवर आणून जुळवली, सावकाश. तंबोऱ्याला गवसणी घातली, नाडी बांधली आणि तो हेरंबच्या हातात दिला.

“मग हे तुझ्या मशीनला सांग. मला काय सांगतोस?”