अठरा अंशांचा चढ

बुधवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. ठिकाण: खालचे आवार, नव्या पट्ट्याचा पायथा. हवा कोरडी होती, पट्टा कोरा होता आणि चढ अठरा अंशांचा होता.

त्या राज्यात खालून वर जायला, रुळांवर सरकत माल वर नेणाऱ्या या पट्ट्याखेरीज वाट नव्हती. वर नवा तट उभा राहत होता. जो दगड वर पोहोचेल तो तटात बसेल आणि पिढ्यान्‌पिढ्या ऊन खाईल, असा शब्द दिला गेला होता. पहिला मान नदीतल्या गोट्यांचा. चारशे गोटे उजाडल्यापासून एकमेकांवर टकटकत रांगेत खोळंबले होते. कुणी गाणे म्हणत होते, कुणी उगाच गिरकी घेत होते. त्यांची म्होरकी गोलाक्का. काळीभोर, अंगाभोवती दोऱ्यासारखी पांढरी शीर.

"अख्खं जायचं," ती एकेकाला बजावत होती. "टवका उडता कामा नये. नदीनं घडवलंय तसंच तटात बसायचं."

पलीकडे फोडलेल्या खडीची रास होती. तिच्यातला एक धारदार तुकडा ओरडला, "अक्का, चढावर पाय रोवून राहा हो."

"पाय असते तर चालतच गेले असते, टवकेराव," गोलाक्का म्हणाली, आणि सगळी रांग खिदळली.

चढ ठरवण्याची त्या राज्यात जुनी रीत होती. जे वर न्यायचे त्याचा आधी फरशीवर ढीग ओतायचा. ढीग आपल्या मनाने ज्या उतारावर थांबेल, त्याहून पट्टा पुष्कळ सपाट ठेवायचा. कारण फरशी हलत नाही, पट्टा हलतो. याला ढीग विचारणे म्हणत. मोजणीप्रमुख काटकोन यांनीही ढीग विचारले होते. खडीचा ढीग ऐटीत उभा राहिला. गोट्यांचा ओतला तो पसरत पसरत भिंतीपर्यंत गेला. काटकोनांनी एकदा खाली पाहिले आणि वहीत लिहवून घेतले: ढीग आढळला नाही. मग दोघांनाही खडीचाच उतार लावला.

ओळंबा हा त्या खात्यातला सर्वांत खालचा नोकर. दोरीला लटकून सरळ राहायचे, एवढेच त्याचे काम. तो तेव्हा म्हणाला होता, "साहेब, ढीग होता. बसका होता. त्याच्या मानानं बारा अंशांच्या वर जाऊ नये."

"बारा धरले तर पट्टा लांबेल," काटकोन म्हणाले. "लांबला की माझ्या कचेरीच्या ओट्यावरून जाईल. तू लटक."

ओळंबा लटकला.

नऊ वीसला पट्टा सुरू झाला. दोनशे गोटे त्यावर होते, दोनशे पायथ्याशी पाळीची वाट पाहत होते. पहिले गोटे अर्ध्या चढावर पोहोचले तेव्हा त्यांना तट दिसला. खाली बातमी पोहोचली आणि आवारभर एकच कल्ला झाला. तेवढ्यात पट्ट्याचा सांधा एका रुळावरून गेला. धक्का इतका हलका होता की खडीला तो कळलाही नसता. सर्वांत पुढचा गोटा जागच्या जागी फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग तो मागच्यावर आला, मागचा त्याच्या मागच्यावर. गोलाक्काने आडवे होऊन तिघांना अडवून पाहिले. गोल वस्तूला आडवे होता येत नाही. अर्ध्या मिनिटात दोनशे गोटे खालच्या दोनशेंवर कोसळले. सदतीस फुटले. गोलाक्का अख्खी राहिली.

चौकशी दुपारपर्यंत आटोपली. चौकशीप्रमुख काटकोनच होते. निष्कर्ष असा की चढ निर्दोष असून गोट्यांच्या ठायी टिकून राहण्याची वृत्ती नाही.

"पट्टा थोडा खाली घ्या," गोलाक्का म्हणाली. "आत्ता चढून दाखवतो. सगळे."

"चढ सर्वांना सारखा आहे," काटकोन म्हणाले. "सारखेपणात ढवळाढवळ करता येत नाही." उपाय म्हणून पायथ्याशी दगड फोडण्याचे यंत्र बसवण्याचे ठरले. त्यातून निघाल्यावर प्रत्येकाला कंगोरे येतील, धरून राहता येईल आणि तटात जागाही मिळेल.

संध्याकाळी गोलाक्काने ओळंब्याला गाठले. "खरं सांग रे. आमचा ढीग दिसलाच नव्हता का तुम्हांला?"

"दिसला होता, अक्का. मी बोललोही होतो."

"कितीदा?"



शुक्रवारी पट्टा पुन्हा सुरू झाला. चढ अठरा अंशांचाच. माल भरगच्च होता आणि एक तुकडा मागे सरकला नाही. वरून टाळ्या आल्या. काटकोनांनी ओट्यावर उभे राहून त्या स्वीकारल्या. ओळंबा नेहमीच्या जागी लटकत होता. त्याच्या समोरून एक काळा तुकडा गेला. तीन बाजूंनी धारदार. चौथी बाजू अजून गुळगुळीत, आणि तिच्यावरून निघालेली पांढरी शीर धारेपाशी येऊन तुटलेली.

यंत्र ज्या हुकमाने बसले तो आवाराच्या फाटकावर अजून चिकटवलेला आहे. खाली काटकोनांची सही आहे. सहीखालची तारीख सोमवारची आहे. गोटे पट्ट्यावर चढले ते बुधवारी.