बोटभर माया

"पण चुकलं कुठं, ते तरी सांगा, चाचा."

हौसाबाईनं चड्डी इलाहीचाचांच्या मांडीवर ठेवली. निळी, खेळाची, दोन्ही अंगांना पिवळी पट्टी. घरच्या मशीनवर शिवलेली.

इलाहीचाचांनी चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवले. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले तसं दुकान मिटलं आणि दर्ग्याच्या पायरीवर येऊन बसले. पांढऱ्या कपाळानं हौसाबाई त्यांच्या दारात उभी राहिली होती, तेव्हा कात्री धरायची कशी इथपासून त्यांनी तिला शिकवलं. आता पाच गावचे कबड्डीचे संघ तिच्याकडं चड्ड्या शिवायला टाकतात. ती तसं सांगतेही.

"टीप वाकडी असेल," चाचा म्हणाले.

"माझी? टीप?"

"मग नेफा आवळला असेल."

"दोन बोटं सैल आहे."

"तर माझ्याकडं कशाला आलीस? हार घालून घ्यायला?"

हौसाबाई हसली नाही. पायरीवर खाली बसली.

"भानूनं तीन दिवसांत पेजेचा घोट घेतला नाही."

भानुदास तिचा एकुलता लेक. तिशीचा गडी. चढाईला निघाला की समोरचे सात जण मागं सरकायचे. दिवाळीपासून पोटात गाठ. गेल्या महिन्यात दवाखान्यातून घरी आणला, तेव्हा गाडीतून खाटेपर्यंत एकट्या आईनं उचलून नेला. एवढंच ओझं उरलं होतं.

येत्या रविवारी गावच्या मैदानात अंतिम सामना. भानू म्हणाला होता, मला खुर्चीत घालून रेषेशी न्या, पण संघाची चड्डी घालून. जुनी कमरेवर ठरेना. म्हणून ही नवी.

"हातात दिली तर हसला," हौसाबाई सांगू लागली. "पट्टीवरनं बोट फिरवलं. मग उलटी केली, आतनं बघितली... परत सुलटी केली. घडी घालून उशाला ठेवली. तेव्हापासनं भिंतीकडं तोंड. रविवारी यायचं नाही म्हणतो. औषध नको, पेज नको. का रे बाबा, म्हटलं, तर बोलत नाही."

चाचांनी चड्डी उलटी केली. अंगठा मांडीच्या शिवणीवरनं चालत गेला... आसनापाशी थांबला. तसाच परत वर आला.

"माया कुठाय?"

शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की शिवण उसवायची, आतली माया बाहेर घ्यायची, कपडा पुन्हा अंगाला येतो.

"कापली," हौसाबाई म्हणाली. "टिपेच्या कडेनं काटोकाट. नुसती हाडं राहिलीत त्याची, जाड शिवण टोचते. आता आतनं बघा, बाहेरनं बघा, एकसारखी. असं काम पंचक्रोशीत कुणाचं नाही."

"नाही," चाचा म्हणाले. "फर्मा आणलास?"

तिनं पिशवीतनं कागदाचा फर्मा काढून दिला. भानू वीस वर्षांचा झाला तेव्हा चाचांनीच तो खाकी कागदावर कापून दिला होता. त्यावरनंच दहा वर्षं ती त्याच्या चड्ड्या बेतत आली होती.

चाचांनी कागदाच्या कडेवरनं बोटं फिरवली.

"हाही कमी केलास."

"चार बोटं. आताच्या मापाला."

"निघालेल्या पट्ट्या?"

"चुलीत गेल्या."

चाचांनी फर्मा बाजूला ठेवला...

"पहिल्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं?"

"बोटभर माया सोड."

"कशाला?"

"माणूस आज आहे तेवढाच राहत नाही, म्हणून."

दर्ग्याचा मुजावर अंगण झाडत होता. त्याचा झाडू क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला.

"भानू भरायचा नाही आता, चाचा." हौसाबाईचा आवाज विहिरीतनं यावा तसा आला. "डॉक्टर म्हणाले. फार तर महिना."

"भानूला म्हणाले?"

"छे. मी म्हणू दिलं नाही. भावकीतसुद्धा कुणाला ठाऊक नाही. त्याला तर मी रोज सांगते, दसऱ्याला तू मैदानात असशील."

"रोज?"

"रोज. न चुकता."

"मग त्याला कुणी सांगितलं?"

हौसाबाईनं तोंड उघडलं... चाचांच्या मांडीवरच्या उलट्या चड्डीकडं तिची नजर गेली आणि तोंड तसंच राहिलं.

भानू लहान असताना दर दसऱ्याला ती त्याच्या चड्डीची शिवण उसवायची. तो मशीनला टेकून बसायचा, वाकून आत बघायचा. विचारायचा, "आई, अजून किती उरलंय?"

ऊन पायरीवरनं खाली सरकलं. मुजावर झाडू ठेवून आत गेला.

"कापड आहे?" चाचांनी विचारलं.

"वारभर असेल."

"आजच दुसरी बेत. माप आताचंच घे. माया सोड."

"आता सोडून काय, चाचा? त्याला कळलंय."

चाचांनी उजवा हात तिच्या तोंडासमोर धरला. अंगठा आत मिटला. चार बोटं ताठ उभी.

हौसाबाई त्या बोटांकडं बघत राहिली.

"चार? चार बोटं माया कुणी सोडतं का, चाचा? आत गठ्ठा होईल नुसता. टोचेल त्याला."

चाचांनी चड्डी सुलटी केली, घडी घातली, तिच्या हातात दिली.

"टोचू दे."